साइट कोणती ते नंतर, आधी काम कोणाचं ते ठरवा

वाचकाचं पत्र:

"मी एका छोट्या कंपनीत हिशेब बघते. पगार वेळेवर होतो, पण पुरत नाही. संध्याकाळचे दोन तास आणि सुटीचा अर्धा दिवस माझा असतो. त्यात घरबसल्या काही मिळवावं म्हणून धडपडत होते. मध्यंतरी मोबाइलवर मेसेज आला, व्हिडिओ लाइक करा आणि पैसे घ्या. पहिल्या दिवशी खरंच पैसे जमा झाले. मग 'प्रीमियम टास्क'साठी आधी थोडे, मग जास्त, असे भरत गेले. माझे दोन पगार त्यात गेले. घरी अजून बोलले नाहीये. आता एका कोर्सची जाहिरात रोज समोर येते: महिनाभरात ऑनलाइन कमाई सुरू. पुन्हा फसायची भीती वाटते आणि नाद सोडवतही नाही. खरोखर पैसे देणारी एखादी साइट सांगाल का? की हे सगळंच थोतांड आहे?"

ताई,

सगळंच थोतांड नाही. समोरासमोर कधीही न भेटलेल्या लोकांची कामं घरी बसून करणारी आणि त्याचा रीतसर मोबदला घेणारी माणसं जगभर आहेत. तुम्हालाही ते जमेल असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं. का वाटलं ते सांगतेच. पण आधी गेलेल्या पैशांबद्दल बोलू, कारण ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तुमच्या बाबतीत झालं त्याला 'टास्क' फसवणूक म्हणतात. पद्धत सगळीकडे तीच. सोपं काम देतात, छोटी रक्कम खरोखर खात्यात टाकतात, मग एका ॲपवर किंवा ग्रुपवर नेतात. तिथे तुमच्या नावापुढे शिल्लक वाढताना दिसते. ती काढायला गेलं की 'आधी हा संच पूर्ण करा', 'आधी एवढे भरा', 'कर भरा' असं एकेक निघतं. ती शिल्लक म्हणजे पडद्यावर लिहिलेला आकडा, त्यामागे पैसे कधीच नव्हते. अमेरिकेत फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२० साली या प्रकारच्या तक्रारी नव्हत्याच. २०२३मध्ये सुमारे ५,००० आल्या आणि २०२४च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. पहिले पैसे चोख देऊन विश्वास कमवायचा, ही चाल मात्र फार जुनी आहे. १९२०मध्ये बोस्टनला चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणाला आणि सुरुवातीच्या लोकांना त्यानं ते दिलेही, नंतर आलेल्यांच्या पैशातून. ज्यांना पैसे मिळाले त्यांनीच पुढच्यांना आणलं.

हे एवढं सांगितलं, कारण 'मी कशी फसले' हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत असणार. पहिले पैसे मिळाले म्हणून तुम्ही विश्वास ठेवला. हिशेब बघणारं माणूस पुरावा मागतं, आणि त्यांनी पुरावाच तयार करून दिला. यात तुमची लाज जायचं काही कारण नाही.

आता लगेच करायच्या गोष्टी. मेसेज, खाते क्रमांक, व्यवहारांच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेला कळवा आणि पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. उशीर झालाय म्हणून राहू देऊ नका. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण तुमच्या खात्यावर उद्या काही प्रश्न आला तर ही तक्रार तुमच्या बाजूनं उभी राहते. ओळखपत्राचा फोटो त्यांना पाठवला असेल तर तेही तक्रारीत लिहा. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: 'तुमचे गेलेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त एवढी फी भरा' असा फोन किंवा मेसेज येऊ शकतो. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात. तो फोन कोणाचाही असो, कितीही अधिकारी थाटाचा असो, बंद करा.

घरी सांगा. ही गोष्ट लपलेली असेपर्यंत तुम्ही ते पैसे पटकन भरून काढायची घाई करणार, आणि असल्या जाहिराती घाईतल्या माणसालाच शोधत असतात. घरच्यांना राग येईल, दोन दिवस बोलाचाली होईल. तरीही सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न: एखादी खरी साइट. नावं मी देणार आहे, पण नावांनी तुमचं काम होणार नाही. साइट ही बाजाराची जागा असते. तिथे जाऊन बसलं म्हणून कोणी पैसे देत नाही, विकायला काहीतरी लागतं. 'ऑनलाइन काम' असं वेगळं काही कामही नसतं. हिशेब, भाषांतर, शिकवणी, चित्रं, प्रोग्रॅमिंग ही सगळी आधीपासूनची कामं आहेत, फक्त ती आता दुरून करता येतात. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: कोणाचं कुठलं काम अडलंय, आणि त्यातलं मला काय येतं?

तुमच्या पत्रात याचं उत्तर पहिल्याच ओळीत आहे. तुम्ही हिशेब बघता. तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात, आणि मी तिथेच थांबले. व्हिडिओ लाइक करणं कोणालाही येतं, म्हणून त्याला कोणी खरे पैसे देत नाही. बँकेचा उतारा आणि वही यांचा मेळ घालणं सगळ्यांना येत नाही.

ऑनलाइन वस्तू विकणाऱ्या एका बाईचं उदाहरण घेऊ. महिन्याची विक्री तिला दिसते, पण खात्यात जमा होणारी रक्कम त्याच्याशी जुळत नाही. विक्रीच्या साइटनं आपलं कमिशन कापलेलं असतं, कुरिअरचा खर्च वळता केलेला असतो असं तिला मोघम माहीत असतं, गेल्या महिन्यातल्या परत आलेल्या मालाचे पैसे या महिन्यात वजा झालेले असतात, शेवटच्या चार दिवसांची विक्री पुढच्या हप्त्यात गेलेली असते. तिला माल बनवता येतो, फोटो काढता येतात, गिऱ्हाईक सांभाळता येतं. पण आपण नफ्यात आहोत की तोट्यात, हे तिला नीट सांगता येत नाही. रात्री ती संगणकावरची हिशेबाची शीट उघडते आणि बंद करते. तुम्ही कार्यालयात रोज जे करता ते तिच्यासाठी महिन्यातून दोनदा केलंत, तर ती आनंदानं पैसे देईल, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तुमच्याकडेच येईल, कारण हिशेब दर महिन्याला असतो. लोगो एकदाच करून घेतात, हिशेबाचं तसं नाही. चालू राहणारं काम हे बाजूच्या उत्पन्नासाठी फार मोलाचं असतं. दरवेळी नवं गिऱ्हाईक शोधण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कोणीच देत नाही.

दुसरं काम म्हणजे विस्कटलेल्या शीट नीट करून देणं. तारखा तीन पद्धतींनी लिहिलेल्या, त्यात ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च ते कळत नाही. एकाच पुरवठादाराचं नाव चार स्पेलिंगांनी. आणि नवख्या माणसाला हमखास चकवणारी गोष्ट: काही आकडे मजकूर म्हणून साठवलेले. दिसायला ते आकडेच असतात, पण बेरजेचा फॉर्म्युला त्यांना धरतच नाही. बेरीज कमी येते आणि का येते ते मालकाला समजत नाही. तुम्ही रकान्यावर नजर टाकली की तुम्हाला दिसेल, खरे आकडे उजवीकडे टेकलेत आणि हे डावीकडे चिकटलेत. हे ज्याच्या डोळ्यांना पटकन दिसतं, त्या माणसाची किंमत असते.

म्हणून कोर्सचे पैसे भरायच्या आधी पुढचे दोन-तीन आठवडे संध्याकाळचा वेळ नमुना तयार करण्यात घाला. एका काल्पनिक दुकानाची मुद्दाम विस्कटलेली शीट बनवा, तीनशे-चारशे ओळींची. ती स्वच्छ करा, पिव्होट टेबलनं (नोंदींची गटवार बेरीज दाखवणारी शीटमधली सोय) महिनावार गोषवारा काढा, बँकेच्या उताऱ्याशी मेळ घाला, न जुळलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दाखवा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही ठेवा. सोबत पानभर टिपण लिहा: काय चुकलं होतं, काय केलं, मालकानं आता काय बघावं. हे टिपण शीटइतकंच महत्त्वाचं आहे. दुरून काम देणाऱ्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमचं लिहिणं दिसतं. सरळ, सोप्या वाक्यांत लिहिणारा माणूस त्याला भरवशाचा वाटतो.

नमुन्यात कार्यालयातला खरा आकडा, खरं नाव, खरी फाइल चुकूनही वापरू नका. नोकरीचा करारही एकदा काढून वाचा. काही कंपन्या बाजूच्या कामाला मनाई करतात, काही ठिकाणी आधी परवानगी घ्यावी लागते. कंपनीच्या लॅपटॉपवर हे काम करायचं नाही आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे जायचं नाही. महिन्याचा पगार धोक्यात घालून बाजूची कमाई करण्यात अर्थ नाही.

त्या जाहिरातीतल्या कोर्सबद्दल तुम्ही लिहिलंय, तर थेट उत्तर: घेऊ नका. शिकण्यावर पैसे घालवू नयेत असं माझं म्हणणं नाही. हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरचं चांगलं प्रशिक्षण मिळालं, शिकवणारा स्वतः त्या कामात मुरलेला असला, तर जरूर घ्या. पण 'महिनाभरात कमाई' विकणाऱ्याला एकच विचारा, तुमचं स्वतःचं उत्पन्न कशातून येतं? कोर्स विकण्यातूनच येत असेल, तर ती विद्या तुमच्या उपयोगाची नाही. शीटचे फॉर्म्युले, प्रस्ताव लिहिण्याची पद्धत, साइटचे नियम हे सगळं त्या त्या कंपन्यांच्या मदत-पानांवर फुकट आहे.

'झोपेतही कमाई' हे त्याच जातीचं आश्वासन. यूट्यूबचंच बघा. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला आधी १,००० सदस्य लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर वर्षभरात ८०,००० वेळा कोणीतरी तुमचा व्हिडिओ बघायला हवा, आणि तिथून कमाईची फक्त सुरुवात होते. ज्याला सांगण्यासारखं काही आहे आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्यानं चॅनेल जरूर काढावं. पुढच्या सहा महिन्यांत घरखर्चाला हातभार हवा असणाऱ्यानं त्यावर भिस्त ठेवू नये.

आता साइट. अपवर्क आणि फाइव्हर या दोन मोठ्या. अपवर्कचं मूळ १९९९ची ईलान्स आणि २००३ची ओडेस्क या दोन कंपन्यांत आहे. दोन्ही एकत्र आल्या आणि २०१५मध्ये हे नाव घेतलं. ओडेस्क सुरू करणारे दोघे ग्रीक मित्र होते, एक अमेरिकेत, एक अथेन्समध्ये. एकत्र काम करायचं होतं, पण एवढ्या लांबच्या माणसानं खरंच काम केलं हे मालकाला कसं पटवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. अपवर्कची बरीचशी रचना आजही त्याच प्रश्नाभोवती आहे. ताशी कामात दर दहा मिनिटांच्या टप्प्याला एक स्क्रीनशॉट नोंदला जातो. ठरावीक रकमेच्या कामात गिऱ्हाइकानं पैसे आधी साइटकडे जमा करायचे, तुम्ही काम सोपवायचं, त्यानं मंजूर केलं की ते तुमच्याकडे येतात. १४ दिवसांत त्यानं काहीच कळवलं नाही तरी पैसे सुटतात. म्हणून पैसे जमा झालेले दिसल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. फाइव्हर २०१०ची. तिथे उलटं आहे, तुम्ही तुमच्या कामाची पाटी लावता आणि गिऱ्हाईक येऊन निवडतं.

इथे एक खुलासा करायला हवा. 'कामासाठी कधीच पैसे भरू नका' हा नियम बरोबर आहे, पण तो नीट समजून घेतला नाही तर तुम्ही खऱ्या साइटलाही घाबराल. फाइव्हर तुमच्या मिळकतीतले २० टक्के ठेवते. अपवर्कही कमिशन घेते, शिवाय प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' नावाची टोकनं खर्च होतात आणि ती संपली की विकत घ्यावी लागतात. हस्तकलेच्या वस्तूंची एट्सी प्रत्येक वस्तू मांडायला छोटी फी घेते. हे बाजारात बसण्याचं भाडं आहे. ते जाहीर केलेलं असतं, सगळ्यांना सारखं असतं, आणि त्याच्या बदल्यात काम मिळेलच असं कोणी म्हणत नाही. 'एवढे भरा, काम नक्की', 'अनामत ठेवा, मग पगार', 'किट घ्या, मग ऑर्डर' असं जिथे ऐकू येईल तिथून उठायचं.

गिऱ्हाईक निवडतानाही सावध राहा. ओळख झाल्याझाल्या 'टेलिग्रामवर बोलू, पैसे थेट देतो' म्हणणारा माणूस तुम्हाला साइटच्या संरक्षणाबाहेर काढत असतो. तसं केल्यानं साइटचा नियमही मोडतो आणि तुमचं खातं बंद पडू शकतं. चुकून जास्त पैसे पाठवले, उरलेले परत करा, असं कोणी म्हटलं तर काही पाठवू नका. मूळ रक्कम नंतर रद्द होते आणि तुम्ही पाठवलेले मात्र गेलेले असतात. सगळ्यात घातक प्रकार हा: तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवा आणि बाकीचे पुढे पाठवा. याला 'पेमेंट प्रोसेसिंग'सारखं भारदस्त नाव देतात. ते चोरीचे पैसे असतात, खातं तुमच्या नावावर असतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. हिशेबाचं काम शोधणाऱ्यांना हे आमिष जास्त दाखवलं जातं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते.

पण साइटवर जाण्याआधी ओळखीतल्या माणसांना विचारा. कोणी शिकवण्या घेतं, कोणी केक करून विकतं, कोणी छोटी संस्था चालवतं. 'मी महिन्याचा हिशेब लावून देते, पहिला महिना बघा, पटलं तर पुढे चालू ठेवू' एवढं दहा जणांना कळवा. फुकट करू नका, हवं तर दर कमी ठेवा. पैसे दिलेला माणूस कामाकडे लक्ष देतो, कागद वेळेवर देतो आणि नंतर चार ओळींचा अभिप्रायही देतो. नव्या माणसाला साइटवर पहिलं काम मिळवणंच सगळ्यात अवघड जातं. ओळखीतली दोन-तीन कामं हातात असली तर तो चढ बराच कमी होतो.

प्रस्ताव लिहिताना 'मी मेहनती, प्रामाणिक आणि अनुभवी आहे' हे सगळेच लिहितात, आणि वाचणारा ते न वाचता पुढे सरकतो. त्याच्या कामाबद्दल लिहा. उदाहरणार्थ: "तुमच्या शीटमध्ये दोन ठिकाणी परताव्याच्या रकमा विक्रीत मिळवल्या गेल्यात असं दिसतं, त्यामुळे एकूण विक्री फुगली असावी. मी आधी परतावे वेगळे करीन, मग बँकेच्या जमेशी मेळ घालीन. एका महिन्याचं काम तीन दिवसांत देते. अशाच कामाचा नमुना सोबत जोडलाय." एवढंच. पहिल्या वाक्यातच त्याला कळतं की या बाईनं माझी फाइल उघडून बघितली आहे.

दर ठरवताना हिशेबनीससुद्धा चुकतात, म्हणून मांडून दाखवते. हातात १०० हवेत आणि साइट २० टक्के घेते, तर दर १२० नाही, १२५ लावायचा. १२०चे २० टक्के गेले की ९६च उरतात. मग त्यात न दिसणारा वेळ धरा: प्रस्ताव लिहिणं, निरोपांना उत्तरं देणं, दुरुस्त्या करणं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ऑनलाइन छोटी कामं करणाऱ्यांची जगभर पाहणी केली होती. तिच्यानुसार २०१७मध्ये अशा माणसाला फक्त पैसे मिळालेले तास मोजले तर सरासरी ताशी ४.४३ डॉलर पडत होते. काम शोधण्यात वगैरे गेलेला बिनपैशांचा वेळ धरला की तेच ३.२९वर येत होते. दर तासाच्या कामामागे साधारण २० मिनिटं अशी जात होती. तुम्ही पहिल्या दिवसापासून दोन्ही तास वहीत लिहा. दर वाढवायचा की नाही, हे त्या वहीतूनच कळेल.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात आणि सगळ्यांनाच हिशेब येतो असं नाही. सर्वेक्षणं भरणं आणि बारीकसारीक कामं, म्हणजे ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कसारख्या जागा, खऱ्या आहेत. पण ते चिल्लर उत्पन्न आहे आणि त्यातून पुढे जायला वाट नाही. ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करणं हे एके काळी चांगलं काम होतं. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला सरावलेल्या माणसाचेही साधारण चार तास जातात. आता पहिला मसुदा यंत्र करतं, त्यामुळे दर पडलेत. टिकून आहे ते तपासणीचं काम, जिथे चुकलेल्या शब्दानं नुकसान होतं: वैद्यकीय, न्यायालयीन, एकाच वेळी बोलणाऱ्या चार माणसांचं. भाषांतराचंही तसंच. नुसत्या 'दोन भाषा येतात' याला आता फारसं कोणी विचारत नाही. 'दोन भाषा येतात आणि विम्याची कागदपत्रं समजतात' याला मागणी आहे. उपशीर्षकांचं काम ज्यांना आवडतं त्यांनी मोजक्या शब्दांत बसवायची सवय करावी. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, त्याही काही सेकंदच, आणि तेवढ्यात वाचून झाल्या पाहिजेत. ऑनलाइन शिकवणी हे मला या सगळ्यांत भक्कम काम वाटतं. एखादा विषय खरोखर शिकवता येत असेल तर मूल टिकतं, आईवडील दुसऱ्यांना सांगतात, आणि मधे साइटची गरजही उरत नाही. आपल्याखाली माणसं जोडा आणि त्यांच्या खरेदीवर टक्का मिळवा, हा धंदा बाजूला ठेवा. त्यात पैशांआधी नाती जातात. शेअर, क्रिप्टो यांची उलाढाल ही कमाईची नोकरी म्हणून विकली जाते, तीही नको. तिथे तुम्ही मोबदला मिळवत नाही, भांडवल धोक्यात घालता, आणि भांडवल तर आत्ताच गेलंय.

यंत्रं हिशेबही करतीलच की, असं तुमच्या मनात येईल. नोंदी लावण्याचं बरंच काम सॉफ्टवेअर आत्ताच करतं आणि पुढे अजून करेल. त्यामुळे नुसत्या नोंदी टाकून देते असं म्हणू नका. आकडा का जुळत नाही हे शोधणं, मालकाला समजेल अशा भाषेत ते सांगणं आणि चुकलं तर 'हो, मी बघते' म्हणून जबाबदारी घेणं, याला माणूस लागतो. ती साधनंही शिकून घ्या. त्यानं तुमचा वेळ वाचेल. फक्त गिऱ्हाइकाचा मजकूर त्याला न विचारता कुठल्याही साधनात टाकायचा नाही.

या उत्पन्नासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. त्यावर कर लागतो. तुमच्याकडचे नियम एकदा जाणकाराकडून समजून घ्या आणि आलेल्या प्रत्येक रकमेतला काही भाग बाजूला काढत चला. नोकरी सोडायचा विचार आत्ता नको. वर्षभर दर महिन्याला येणारी तीन-चार गिऱ्हाइकं झाली आणि काही महिन्यांचा खर्च गाठीला असला, तेव्हा त्यावर बोलू. गेलेले दोन पगार भरून निघायला वेळ लागेल, कदाचित बरेच महिने. तेवढा वेळ द्यायची तयारी ठेवा आणि कुठल्या तरी एका आठवड्यात ते सगळं परत आणायचं मनात घेऊ नका.

पहिलं काम पूर्ण झालं की गिऱ्हाइकाकडे दोन ओळींचा अभिप्राय मागा, संकोच करू नका. 'पुढच्या महिन्याचा हिशेब कधी पाठवताय' हेही त्याच निरोपात विचारा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच दर ठेवा, तिसऱ्यापासून वाढवा. नमुन्याची शीट तयार झाली की तिच्यासोबतचं टिपण मला पाठवा. वाचून, कुठे समजत नाही ते खुणा करून परत देईन.